चांद-सूर्याखालचा खलाशी

शके एकोणीसशे सोळा, चैत्र वद्यातील शनिवार; इंग्रजी कालगणनेप्रमाणे तीस एप्रिल एकोणीसशे चौऱ्याण्णव. वेळ दुपारी तीनची. स्थळ, ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या शिरवाडे बंदरातील, बंद पडलेल्या बर्फ-कारखान्याची शेड. त्या शेडमध्ये मी, मुकुंद देवस्थळी, व्यवसायाने शिल्पकार, काळ्या दगडातील एका खलाशाच्या भुवईवर छिन्नी चालवीत असताना बारकी, हाडळ आडनावाच्या वारली घरातली, दारात येऊन उभी राहिली.

ती किती वेळ उभी होती हे मला ठाऊक नाही. छिन्नीचा आवाज थांबल्यावरच ती बोलली.

"त्याची करंगळी पण तशीच केलीस."

खलाशाच्या डाव्या करंगळीला वरचे पेर नव्हते. ते जाळ्याच्या दोरात सापडून तुटले होते, आणि शिल्पात ते पुरे करावे असा आग्रह नगराध्यक्ष रघुनाथ सावे यांनी दोन बैठकांत धरला होता. पर्यटक छायाचित्र काढतील ते धडधाकट माणसाशेजारी, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना सांगितले की, ज्या माणसाचा वारसा तुम्ही किनाऱ्यावर उभा करू पाहता, त्याचे शरीर त्या वारशाने जसे करून ठेवले तसेच उभे राहील. एरवी गणपतीच्या कारखान्यातून एखादा साचा मागवावा. सावे हरले. त्या काळात माझ्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचे मला आठवत नाही.

काम तीन शिल्पांचे होते. बंदराच्या वाळूलगत नगरपालिकेने आदिवासी व सागरी वारशाचे उद्यान योजले होते: डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली मांगेलीण, तारपा वाजवणारा वारली, आणि मधोमध दोर ओढणारा खलाशी. मांगेल्यांच्या बोटी आणि डोंगराकडच्या पाड्यांतले हात, या दोहोंवर तो किनारा जगत आला होता. म्हणून मधला पुरुष मला दोन्हीकडचा हवा होता. बारकीचा नवरा चैत्या तसा होता. जातीने वारली, आणि बारा वर्षे मांगेला तांडेलांच्या हाताखाली पार सौराष्ट्राच्या समुद्रापर्यंत जाऊन आलेला. आदल्या आषाढात, बोटी वाळूवर ओढून ठेवलेल्या असताना, तो अकरा दिवस माझ्यासमोर बसला. आपले डोके मातीत उमटताना पाहून त्याला हसू यायचे. "याला भूक पण लागते का, मास्तर?" असे त्याने एकदा विचारले होते. नारळी पौर्णिमेनंतर तो बोटीवर गेला. मार्गशीर्षात बोट परतली नाही.

बातम्या दोन आल्या. बरोबरच्या एका बोटीने सांगितले की, त्या दिवशी वारा फिरला आणि पाणी फार उसळले. दुसरीने सांगितले की, दूरवर पलीकडच्या देशाचे करड्या रंगाचे गस्ती जहाज दिसले होते. बोट बुडाली असेल तर सहाही खलाशी गेले; धरून नेली असेल तर कुठल्यातरी तुरुंगात ते जिवंत होते. सरकारी कागद कोणताच येत नव्हता. चैत्याचा थोरला भाऊ शिडव्या याने पहिली बातमी खरी धरली, बारकीने दुसरी. जेवणाच्या वेळी ती रोज त्याची थाळी मांडी, आणि मग स्वतः जेवी. शिडव्याची दोन मुले त्या हिवाळ्यात तापाने गेली होती. ज्याला बसायला जागा मिळाली नाही असा मेलेला माणूस घराभोवती फिरत राहतो आणि पोरे नेतो, हे पाड्यावर सर्वांना पटले होते. तिसरे मूलही फणफणत होते.

हे सगळे मला ठाऊक होते. शिडव्यानेच सांगितले होते.

मी बारकीला बसायला सांगितले. ती बसली नाही. तिच्यामागे, शेडबाहेरच्या उन्हात, शिडव्या उकिडवा बसून विडी ओढत होता. तिला घेऊन तोच आला होता. पण आत यायची त्याला इच्छा दिसली नाही.

"चेहरा बदल," बारकी म्हणाली. "दुसऱ्या कोणाचा कर."

तिच्या बोलीत लहानथोर सर्वांना 'तू'च म्हणतात. त्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, विनंतीही नव्हती. मी छिन्नी खाली ठेवली आणि कारण विचारले.

"जिवंत माणसाचा वीर करत नाय."

वीर मी पाहिले होते. माघ महिन्यात शिडव्या मला पाड्यामागच्या राईत घेऊन गेला होता. पाण्यात बुडून, झाडावरून पडून, जे कोणी घराबाहेर अवेळी गेले त्यांच्यासाठी तिथे सागाच्या फळ्या रोवलेल्या होत्या: खाली माणूस, माथ्यावर एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चंद्र. शिडव्या बराच वेळ काही सांगत होता. मी मापे घेत होतो. त्या चांद-सूर्यांची निर्भीड, खोल रेघ मला इतकी भावली की खलाशाच्या पाठीमागच्या शिळेवर मी तीच योजली. त्या शनिवारी सूर्य पुरा झाला होता. चंद्र नुसता खडूने आखलेला होता.

मी बारकीला समजावू लागलो. वीर लाकडाचा असतो, हा दगड. वीर राईत असतो. हा समुद्रासमोर उभा राहणार. वीर मेलेल्यासाठी, हे शिल्प बोटीवर घाम गाळणाऱ्या प्रत्येकासाठी, आणि चैत्याचा चेहरा त्यात आला तो केवळ खरेपणासाठी. मोठ्या शहरांत जिवंत माणसांचे पुतळे त्यांच्याच हयातीत उभे राहतात आणि ती माणसे त्यांच्यासमोरून रोज गाडीतून जातात, हेही सांगितले. माझ्या प्रत्येक मुद्द्याला पुढचा मुद्दा नीट जोडलेला होता.

ती सगळे ऐकून घेई आणि मग थोडेसे मागे सरे. पहिल्यांदा ती म्हणाली की, चेहरा बदलत नसशील तर गोणपाट टाकून झाकून ठेव. तो आला की त्यालाच विचार. अनावरण पंधरा मे रोजी ठरले होते आणि मंत्री येणार होते, तेव्हा ते शक्य नव्हते. शिवाय, मी म्हणालो, चैत्या स्वतः माझ्यासमोर बसला होता. त्याने दिलेली संमती फक्त तोच मागे घेऊ शकतो. त्याच्या वतीने ती मागे घेण्याचा अधिकार बायकोलाही नाही.

मग शिळेकडे बोट करून म्हणाली, "मग चांद तरी नको काढू. सूर्य झाला तो झाला. चांद राहू दे."

खडूच होता तो. बाहीने पुसला गेला असता.

मी तिला शिल्पातल्या तोलाविषयी सांगितले. एका बाजूला सूर्य कोरल्यावर दुसरी बाजू रिकामी ठेवली तर सगळे वजन उजवीकडे कलते, खलाशी पडतोय असे दिसते, वगैरे. यातला शब्दही खोटा नव्हता. तिने मान हलवली. तिच्यापाशी युक्तिवाद नव्हता. 'नको' एवढेच होते, आणि कारण नसलेल्या नकाराला मी उत्तर मानत नसे.

"तुला कसली भीती वाटते?" मी म्हणालो. "ये इकडे."

मी तिचे मनगट धरले आणि तिचा तळवा खलाशाच्या छातीवर टेकवला.

"हात लावून बघ. गार आहे की नाही? दगड आहे, बारकी. दगडाशिवाय यात काही नाही."

तिने हात काढून घेतला नाही. तिने माझ्याकडेही पाहिले नाही; ती दाराकडे पाहत होती. शिडव्या उभा राहिला होता. त्याची नजर तिच्या हातावर होती. त्याने विडी टाकली, पायाने विझवली, आणि तो पाड्याच्या वाटेला लागला. त्याच्या एरवीच्या चालीपेक्षा बराच भरभर.

बारकीने मग हात खाली घेतला. तळव्याला लागलेली दगडाची भुकटी ती पाहत राहिली, पुसली नाही, आणि तशीच निघून गेली.

तिला पटले, असे मला वाटले. सोमवारी सकाळी मी चंद्र कोरला.

अनावरणाच्या रविवारी बंदरावर मांडव होता, ध्वनिक्षेपक होता, आणि पाड्यांवरून अपेक्षेहून दुप्पट माणसे आली होती. सावे यांना त्याचा फार आनंद झाला. आदिवासी बांधव येतील की नाही अशी त्यांना धास्ती होती. ते नटूनथटून नव्हे, तर मुकाट्याने, रांगेने आले, ही गोष्ट ना त्यांच्या लक्षात आली, ना माझ्या. मंत्र्यांनी दोरी ओढली. मांगेलणीवरचे कापड सरकले, तारपेवाल्यावरचे सरकले, खलाशावरचे करंगळीजवळ जरा अडकले आणि मग गळून पडले. टाळ्या झाल्या. सावे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "करंगळीबाबत तुमचं बरोबर होतं, देवस्थळी. जिवंत वाटतो."

तेवढ्यात शिडव्या पुढे आला. त्याच्याबरोबर पाड्याचा म्हातारा भगत होता. भगताने खलाशाच्या कपाळाला शेंदूर लावला, मग सूर्याला, मग चंद्राला. एक कोंबडा होता. तो कापला गेला तेव्हा पुढच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी तोंडे फिरवली, आणि ध्वनिक्षेपकावरचा माणूस प्रसंगावधान राखून म्हणाला की, आपले आदिवासी बांधव पारंपरिक पद्धतीने शिल्पाचे पूजन करीत आहेत. छायाचित्रकार पुढे धावले. बायका हलक्या आवाजात एका सुरात काही गाऊ लागल्या. सावे यांनी मला विचारले, हे लग्नातले गाणे का. मला ठाऊक नव्हते.

मग शिडव्याच्या बायकोने बारकीला हाताला धरून चौथऱ्यापाशी आणले, खाली बसवले, आणि तिचे दोन्ही हात दगडावर आपटून बांगड्या फोडल्या. गळ्यातली पोत काढून खलाशाच्या पायाशी ठेवली. बारकीने विरोध केला नाही. ती रडलीही नाही. आवाज फक्त काचेचा झाला, आणि तो ध्वनिक्षेपकाने उचलला.

मी शिडव्यापाशी गेलो. हे काय चालले आहे, असे विचारले.

"बसवला त्याला," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अनेक महिन्यांनी झोप मिळालेल्या माणसासारखी सैल शांतता होती.

"हे शिल्प आहे, शिडव्या. वीर नाही. आणि बारकीची संमती नाही."

"हात लागला की तिचा," तो म्हणाला. "बायकोचा हात लागल्याबिगर वीर होत नाय. हात लागला म्हणजे घरानं सोडला त्याला. राईत सांगितला होता तुला. मी फळी तोडून ठेवली होती, मास्तर. सगळ्यांनी तिला विनवलं. पाच महिने ती हात लावत नव्हती." त्याने मला हात जोडले. "तू लावलास. उपकार झाले तुझे."

घरी परतल्यावर मी माघातली वही काढली. राईतल्या फळ्यांची मापे होती: उंची, रुंदी, रेघेची खोली, सगळी माझ्या नेहमीच्या टापटिपीने. त्याच पानाच्या समासात, माझ्याच अक्षरात, एक ओळ होती: 'बायकोने हात लावेपर्यंत छिन्नी लावीत नाहीत.' तिच्यापुढे मी कंसात लिहिले होते, 'अनावश्यक'.

ज्येष्ठ लागायच्या आत बारकीला डोंगरापलीकडच्या पाड्यावर एका बिजवराच्या घरी देऊन टाकले. ती गेली. बसलेल्या वीराच्या बायकोने त्याच्या घरात राहायचे नसते. शिडव्याचे तिसरे मूल त्या पावसाळ्यात वाचले. उद्यानाला त्या वर्षी राज्याचे पारितोषिक मिळाले, आणि मानपत्रात खलाशाचा स्वतंत्र उल्लेख होता.

चैत्या हाडळ दोन वर्षांनी, फाल्गुनात, परत आला. पलीकडच्या देशाने सोडून दिलेल्या सत्तेचाळीस खलाशांत तो होता. बोट बुडालीच नव्हती.

मला ते महिन्याभराने कळले आणि मी शिरवाड्याला गेलो. त्याचा पत्ता विचारावा लागला नाही. तो उद्यानात, खलाशाच्या चौथऱ्याच्या सावलीला बसला होता. दाढी वाढलेली, गालफडे बसलेली. त्याच्यापेक्षा माझा दगड त्याच्यासारखा अधिक दिसत होता. त्याने मला ओळखले. काय झाले ते त्याने कुणाचीही तक्रार न करता सांगितले. शिडव्याने त्याला पाहिले, दार लावून घेतले आणि आतून रडत राहिला. भगताने सांगितले की, वीर एकदा बसला की बसला; त्या रूपात कोणी दारी आले तर ते दुसरेच काही असते, त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नये. तांडेल मंडळीही त्याला बोटीवर चढू देईनात. मेलेल्या माणसाबरोबर समुद्रात कोण जाईल?

आम्ही बोलत असतानाच शिडव्या आला. त्याच्या हातात पळसाच्या पानावर भात आणि सुक्या मासळीचे कालवण होते. त्याने ते खलाशाच्या पायाशी ठेवले, दगडाला हात जोडले, चैत्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातूनही पाहिले नाही, आणि तो निघून गेला. तो दिसेनासा झाल्यावर चैत्या उठला, पान खाली घेतले आणि जेवू लागला.

"रोज आणतो," तो म्हणाला. मग घास हातातच ठेवून त्याने वर खलाशाकडे पाहिले. "तुला मी विचारलं होतं ना, याला भूक लागते का?"

"हो."

"लागते," तो म्हणाला, आणि जेवत राहिला.

मी तसाच नगरपालिकेत गेलो. शिल्प काढून टाकावे म्हणून सावे यांच्यापुढे मी जे बोललो ते माझ्या आयुष्यातले सर्वांत नेटके बोलणे होते. चौथरा मोकळा करा, दगड फोडून समुद्रात टाका, खर्च मी करतो, नवे शिल्प विनामूल्य देतो. चैत्याचा हा वीर तुम्ही आम्ही मिळून रोवला आहे, तो आपणच उपटला पाहिजे. सावे यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग ते समजुतीने म्हणाले, "त्या वेळी बारकीला तुम्हीच सांगितलं होतं ना, दगडाशिवाय यात काही नाही म्हणून? सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग दगडाने कुणाचं काय बिघडतं, देवस्थळी?"



त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, मी पिशवीत हातोडी आणि छिन्नी घेऊन उद्यानात गेलो. सगळ्यांसमोर करायचे असे ठरवूनच गेलो होतो. चैत्या दूर पाण्याच्या कडेला पाठमोरा उभा होता. मी चौथऱ्यावर चढलो आणि छिन्नी खलाशाच्या भुवईवर टेकवली. त्या शनिवारी जिथे थांबलो होतो नेमकी तिथे.

"मास्तर."

बारकी खाली उभी होती. कडेवर वर्षाचे मूल होते, हातात फडक्याचे गाठोडे. ती जाडी झाली नव्हती, बारीक झाली नव्हती. फक्त तिच्या हातांत दुसऱ्या रंगाच्या बांगड्या होत्या. तिने गाठोडे खलाशाच्या पायाशी ठेवले. आत नाचणीच्या भाकरी असाव्यात, तसा वास आला. तिने पाण्याकडे पाहिले. चैत्या अजून पाठमोराच होता, आणि तो वळण्याच्या आत तिला जायचे होते, हे तिच्या उभे राहण्यावरून दिसत होते.

"चेहरा काढतोय," मी म्हणालो. "त्या दिवशी तू सांगितलंस ते आज करतोय."

"मग भात कुठं ठेवायचा?"

मी छिन्नी तशीच धरून राहिलो.

"शिडव्या दगडाला देतो म्हणून देतो," ती म्हणाली. "मी पण. याला दिला तर चालतं. त्याला कोण देईल? चेहरा गेला की सगळे थांबतील. उतर खाली."

मी उतरलो. काहीतरी बोलणे भाग होते म्हणून मी बोलू लागलो: की तिला त्या दिवशी मी जे सांगितले ते सगळे खरे होते, की दगडात खरोखरच काही नव्हते, की भगताने, शिडव्याने, नगरपालिकेने त्याचे जे केले त्याचा मला अंदाज येणे शक्य नव्हते. समासातल्या ओळीविषयी मी बोललो नाही. ती मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेईपर्यंत थांबली.

"दगडाचा काय दोष नाय," बारकी म्हणाली. "माझा हात तू धरलास."